सिरीलच्या प्लेटमधले मीटबॉल

पहिला मीटबॉल रिटानं अर्धा तोडून खाल्ला, आणि सिरील हातातला काटा तसाच धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. केमो संपून महिना झाला, तरी बायकोच्या घशाखाली पेजेपलीकडे काही उतरत नव्हतं. वजन आणखी घटलं तर नळीनं भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज कॅनडातल्या एटोबिकोच्या या स्वीडिश फर्निचरच्या दुकानात उशी घ्यायला आले, तर हिलाच तिथल्या कॅन्टीनमधला वास आला आणि हीच म्हणाली, खाऊन बघू या.

सिरीलनं भिंतीवरचा तक्ता आधीच वाचून घेतला होता. प्रोटीन भरपूर. सॉसमध्ये क्रीम आणि मीठ जरा जास्तच, पण असू दे मेलं. दुसरा संपला, तिसरा संपला. चौथा तिनं तांबड्या जॅममध्ये बुडवला, तेव्हा सिरीलला भर दुकानात नाचावंसं वाटलं.

आता आपणही जेवावं म्हणून त्यानं प्लेट पुढे ओढली, आणि काउंटरवरची पाटी दिसली. फ्रायडे फिश स्पेशल. शुक्रवार, आणि तोही चर्चच्या उपवासकाळातला, मासे चालतात पण मांस वर्ज्य. वसईत काय नि कॅनडात काय, चाळीस वर्षांत या दिवशी दोघांनी मटणाला बोट लावलं नव्हतं. मुलानं, नायजेलनं, एकदा पेपरोनी पिझ्झा मागवला, तर सिरीलनं तो खोक्यासकट गार्बेजमध्ये टाकला होता.

सांगितलं तर ती काटा खाली ठेवणार आणि परत उचलणार नाही. न सांगता आपण उपाशी बसलो, तर कारण विचारणार. देवा, पाप माझ्या माथी घाल, असं मनात म्हणून त्यानं अख्खा मीटबॉल तोंडात टाकला.

"शुक्रवार आठवला वाटतं?" रिटा म्हणाली.

सिरीलनं घास गिळून मान हलवली.

"आजाऱ्याला सूट असते. मी परवाच फादरना फोन करून विचारलंय. तुला कुणी दिली?"

"मी खाल्लं नसतं, तर तूपण थांबली असतीस."

रिटानं त्याची प्लेट जवळ ओढली, उरलेले मीटबॉल एकेक करून आपल्या प्लेटमध्ये घेतले आणि सावकाश खाऊ लागली. सिरीलपुढे कुस्करलेले बटाटे आणि चमचाभर जॅम उरला. इतकं पोटभर तो कित्येक महिन्यांत जेवला नव्हता.