एका वाक्याचा गुण

स्मरणशक्तीच्या तपासणीत आईचा वार चुकला, महिनाही चुकला. शेजारी बसलेली लेक मनातल्या मनात गेलेले गुण मोजत होती.

डॉक्टरांनी कागद पुढे केला, लेकीनं पर्समधलं आपलं पेन दिलं. “आता एक वाक्य लिहा. मनात येईल ते.”

आई हसली. “जन्मभर इंग्रजी शिकवलंय मी. ‘राइट’ म्हणजे लिहिणे, ते वापरून वाक्य करा, असं मुलांना मी सांगायचे.”

“मग तेच वापरा.”

आईनं वळणदार इंग्रजीत लिहिलं, ‘मी लेकीला पत्रं लिहिते, पण तिचं उत्तर येत नाही.’

“अगदी बरोबर. पूर्ण गुण,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

आईनं पेन लेकीकडे दिलं. “घ्या हो बाई, तुमचं पेन.”

घरी आल्यावर लेक उत्तर लिहायला बसली. पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच होता.