सहावी कांडी

"तीनच टोपणं," पुष्पांजली स्वतःशीच पुटपुटली आणि खोकल्याच्या औषधाचं टोपण पाण्यानं भरून तिसऱ्यांदा साच्यात रिकामं केलं.

साचा बर्फाच्या सहा कांड्यांचा होता, वरवट बकालच्या बाजारातून आणलेला. पाणी कॅनचं, विकतचं. गावच्या बोअरचं पाणी खारं, आणि त्या खाऱ्या पाण्यानंच घराचा घात केला असं सगळे म्हणत. सासरे किडनीच्या दुखण्यानं गेले. आता चाळिशीही न गाठलेल्या नवऱ्याच्या, दीपकच्या, दोन्ही किडन्या बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्याला खामगावला डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचे. दिवसाला पाणी जेमतेम तीन गिलास, त्यातच चहा आला, वरणही आलं. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजून काढत होतं.

कांडीचा उपाय दवाखान्यात एका बाईनं सांगितला होता. पाणी प्यायला देऊ नका, गोठवून चोखायला द्या. घोटभर पाणी अर्धा तास पुरतं. तेव्हापासून पुष्पांजली रोज सकाळी कांड्या लावायची. चिमूटभर साखर, लिंबाचे चार थेंब. दोन दीपकच्या, मोजून तीन-तीन टोपणांच्या. दोन लेकीच्या, श्रद्धाच्या, गुलाबी सरबताच्या, काठोकाठ. एक सासूबाईंची, वच्छलाबाईंची.

सहावी कुठं जाते हे वच्छलाबाईंना बरेच दिवस उमगलं नव्हतं. मग एका दुपारी उमगलं. न्हाणीमागच्या सावलीत सून उकिडवी बसली होती. डोळे मिटलेले. हातात दीपकच्या मापाची इवलीशी कांडी. ती अशी चोखत होती, जणू घरात दुसरं कुणी नाहीच.

वच्छलाबाई आल्या पावली मागं फिरल्या. पण मनातली गाठ आणखी घट्ट झाली.

गाठ तशी जुनी होती. दिवाळीनंतर डॉक्टरांनी किडनी बदलायचं काढलं, तेव्हा सगळ्यांत आधी त्याच पुढं झाल्या होत्या. "माही घ्या," म्हणाल्या. त्यांचं वय आणि साखर पाहून डॉक्टरांनी नकार दिला. मग पुष्पांजलीची तपासणी झाली. रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली, आणि परत आल्यावर उंबऱ्यातूनच म्हणाली, "नाई जुळत."

कागद कुणी पाहिला नाही. विचारलं तर म्हणाली, दवाखान्यातच ठेवून घेतला.

संक्रांतीला वच्छलाबाईंचे धाकटे भाऊ महादेवराव आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "अक्का, जुळत नाई म्हनते, का द्याची नाई म्हनते?"

तो प्रश्न वच्छलाबाईंच्या काळजात कुसळासारखा रुतून बसला. त्या दिवसापासून सुनेचं काहीच त्यांना सरळ दिसेना. वावरात जायचं ती टाळते. भर दुपारी आडवी होते. पायातल्या तोरड्यासुद्धा काढून ठेवल्या, रुततात म्हणे! नवरा सुकून चालला आणि हिचं अंग भरून आलं.

आज त्यांना राहवलं नाही.

"सहावी कांडी कोन खाते वो?"

पुष्पांजलीचा हात जागच्या जागी थांबला. "मीच खातो, आत्याबाई."

"नवरा घोटभर पान्यासाठी तडफडून राह्यला, अन तुले कांड्या सुचते?"

"गरमी होते."

"आमाले नाई होत काय गरमी?"

तिनं साचा फ्रीजमध्ये ठेवला आणि ओट्यावर सांडलेले थेंब पदरानं पुसले.

बाजेवरून दीपक म्हणाला, "माय, काऊन तिच्या मांगं लागली? खाऊ दे ना एक."

"तू चूप राय! तुह्यासारख्या भोळ्यामुळेच तर फावते."

गुरुवारी दवाखान्याला निघायच्या वेळी वच्छलाबाई लुगडं बदलून दारात उभ्या राहिल्या. "मी येतो आज."

"तुमी नोका येऊ, आत्याबाई. ऊन लय हाय. जीपमध्ये जागा बी भेटत नाई."

"ऊन मले नवं हाय काय?"

सुनेचं तोंड उतरलं. ते वच्छलाबाईंनी नीट टिपून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, त्या मनाशी म्हणाल्या.

दवाखान्यात दीपकला मशीन लागलं. पुष्पांजली औषधं आणायला खाली गेली. वच्छलाबाई याचीच वाट बघत होत्या. फाइलींच्या टेबलामागं एक वयस्क सिस्टर बसली होती. त्या थेट तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, मी दीपकची माय. त्याच्या बायकोची किडनी त्याले जुळते का नाई, तेवढं सांगा. तुमाले तुमच्या लेकराची आन हाय."

सिस्टरनं त्यांच्याकडं पाहिलं. मग कपाटातून फाइल काढून पानं उलटली.

"जुळली होती ना. रक्तगट, बाकीचं, सगळं जुळलं होतं."

वच्छलाबाईंच्या कानात कढत पाणी ओतल्यासारखं झालं. सहा महिने! सहा महिने ही बाई त्यांच्या ताटात भाकर वाढत होती आणि खुशाल खोटं बोलत होती.

"मले म्हने जुळत नाई! पाह्यलं का त्या सटवीचं काळीज? लेक माहा मशीनवर मरून राह्यला, अन हे आपला जीव सांभाळून बसली! आज जीपमध्ये पाय ठेवू देत नाई तिले. इथूनच माहेरी धाडतो!"

आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. सिस्टर उठली, वच्छलाबाईंचा दंड धरून तिनं त्यांना बाकावर बसवलं.

"मावशी, जुळली, पण घेता आली नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याच तपासणीत कळलं, तिच्याही दोन्ही खराब आहेत. सोमवारपासून तिलाही मशीनवर घ्यायचंय. तिनं घरी सांगितलं नाही का?"