पाचवं फोल्डर

चौघं वेबसाइटवाले मिळून एकच सर्व्हर भाड्याने वापरत. प्रत्येकाचं आपापलं फोल्डर, दुसऱ्याच्यात डोकवायचं नाही. आज सगळं नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं. शिंदे की छावनी या मोहल्ल्यातल्या घरात, लेकीचा पाळणा पायाने झुलवत शरयू ते काम करत बसली होती, तेव्हा तिला पाचवं फोल्डर दिसलं.

त्याचं नाव होतं ‘शाल्मली’.

बारसं तर उद्या होतं. हे नाव तिने मनातच ठरवलेलं, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिने भागीदार दौलतसिंहला फोन लावला. “दादा, हे पाचवं कोणाचं?”

“माझं नाही बुवा. बाकीचे दोघंही नाही म्हणतात. लावारिस आहे, ताई. ज्याला कोणी वाली नाही ते उडवायचं, आपलं ठरलंच आहे ना?”

फोल्डरमध्ये एकच फाइल होती. बाळाने श्वास घेतला आणि फाइल जराशी मोठी झाली. पुन्हा श्वास, पुन्हा जराशी मोठी.

“दादा, थांबा! माझं आहे ते!”

“अरे, आधी बोलायचं ना! आत्ताच उडवलं की.”

पडद्यावर चारच फोल्डरं उरली. फोनमधून दौलतसिंह “ताई? ताई?” करत राहिला, आणि पाळण्याकडे बघायला शरयूची मान काही वळेना.