रंगाचा दुसरा हात

सारंगने अक्वेरियमच्या काचेला टेप लावली आणि उन्हाने पांढुरकी पडलेली कडेची प्लॅस्टिकची काळी पट्टी पॉलिश पेपरने घासायला घेतली. तेवढ्यात फोन वाजला. हा जुना टँक विकणारे दळवीकाका होते.

"काय रे, मासे सोडलेस का?"

"आधी पट्टी रंगवतोय, काका. रंग वाळला की सोडतो."

"आमची ही रोज माशांशी गप्पा मारायची. ती गेली, मग टँक बघवेना. मासे सोडलेस की सांग. मग नाही तुझं डोकं खाणार."

नव्या शहरात सारंगला ऑफिस सोडून कुणाचा फोन येत नव्हता. काकांचा मात्र रोज यायला लागला, कधी रंगाचं विचारायला, कधी नुसतं "जेवलास का" म्हणून.

रविवारी पट्टी काळीभोर चमकत होती. फोन आला.

"वाळला का रे रंग?"

सारंगने खडखडीत वाळलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. "नाही हो, काका. अजून एक हात मारावा लागेल रंगाचा."

काका म्हणाले, "मार की. सावकाश मार. एक कशाला, दोन मार."