बरणीतलं शेवटचं फळ

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाबा घराबाहेर पडेनात, तेव्हा चिझुरूने आईची बरणी काढली. मरणाआधीच्या उन्हाळ्यात तिने खारवलेली 'उमे' नावाची आंबट जपानी फळं आत होती. डॉक्टरांनी मीठ कमी केलं होतं, तरी सौदा ठरला: आठवडाभर रोज देवळापर्यंत चालायचं, रविवारी भातावर एक फळ. "आळणी खायला घालतेस आणि बैलासारखं राबवतेस!" बाबा कुरकुरले, पण चालू लागले. दम लागेनासा झाला, चेहऱ्यावर तजेला आला. आज मात्र ते बरणी मांडीवर घेऊन बसूनच राहिले. "उठा बाबा, उद्या रविवार," चिझुरूने टोपी पुढे केली. बाबांनी बरणी पुढे केली. तळाशी एकच फळ होतं. "मी घालते की नवीन!" "ते तुझ्या हातचं." "बरं, हे खाऊ नका. पण चला!" ती काकुळतीला आली. बाबांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. "मग चालायचं कशासाठी?"