टोचलं तरच हो म्हणा

"डोळे मिट," डॉ. वेणीमाधव म्हणाले, आणि चिमाजीने डोळे मिटले.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या हॉटेलच्या हॉलात त्याचं स्ट्रेचर मधोमध ठेवलं होतं. कण्याच्या दुखापतीवर संशोधन करू पाहणारे पंचवीसेक शास्त्रज्ञ भोवती उभे होते. रुग्णाच्या अंगात संवेदना कुठपर्यंत उरली आहे, हे टाचणीने कसं तपासायचं, ते आज शिकायचं होतं. चिमाजी सिन्नरकडचा. उन्हाळ्यात चिंचा पाडताना झाडावरून पाठीवर पडला होता.

डॉक्टरांनी न विचारता चादर ओढली. लघवीची नळी, भरत आलेली पिशवी, टाचेपाशी चिघळलेली जखम, सगळं उघडं पडलं. पुढच्या दोघांनी नाकाला रुमाल लावला. एकाच्या हातात अजून चहाबरोबरचं कटलेट होतं. तो चावत चावतच वाकून बघू लागला.

त्या शास्त्रज्ञांतच तेजश्री होती. ती नाशिकच्याच एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. वास तिला नवा नव्हता. ते चावणं बघवत नव्हतं.

"टोचलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"टोचलं," चिमाजी लगेच म्हणाला.

टाचणी पावलापासून वीतभर वर, हवेत होती. हशा पिकला.

"बघितलंत? बरं व्हायची घाई असते, म्हणून खोटं बोलतात."

मागच्यांना दिसलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा करून दाखवलं. चिमाजीला वाटलं, लोक खूश झालेत. या वेळी तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "टोचलं."

"मॅडम, आता तुम्ही."

तेजश्रीने आधी चादर उचलून त्याच्या कमरेवर नीट घातली. मग टाचणीचं टोक त्याच्या गालाला हलकेच लावलं. "चिमाजी, हे असं लागलं तरच हो म्हणा. अंदाजाने नको. तुम्हाला कोणी रागावणार नाही."

"बरं, मॅडम."

तिने पावलापासून सुरुवात केली. अंगठा. "नाय." घोटा. "नाय." गुडघ्याशी तो थांबला, ओठ चावून वाट पाहत राहिला. "नाय." मांडी, ओटीपोट, बेंबी. दर वेळी आवाज खाली जात होता.

बरगड्यांशी तो म्हणाला, "हां. हितं टोचतंय."

आणि कोणी न सांगता त्याने डोळे उघडले. टाचणी कुठवर वर आली आहे ते पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली.

तेजश्रीने टाचणी खाली ठेवली. मघापासून तिला त्या सगळ्यांची किळस येत होती. इतक्या माणसांदेखत त्याच्या तोंडून हे वदवून घेतलं होतं ते मात्र तिने.

"उत्तम," डॉ. वेणीमाधव म्हणाले. "याला पद्धत म्हणतात."

त्यांनी टाळी वाजवली, तशी सगळ्यांनीच वाजवली.

दार किलकिलं झालं. बाहेर बसवून ठेवलेली चिमाजीची बायको, लंकाबाई, टाळ्या ऐकून आत आली होती. पदर सावरत, उजळलेल्या चेहऱ्याने तिने तेजश्रीला विचारलं, "मॅडम, पाय हालला का वो ह्यांचा?"