वहीतलं चौथं गाणं

चौथं गाणं सुरू झालं आणि ओडवार खुर्चीतून उठलेच.

"थांबवा!"

चारही वादकांचे गज हवेतच राहिले. गायिका मारितने हातातला कागद खाली केला आणि ती तिरिलकडे पाहू लागली. गाणी तिरिलने रचलेली होती. उद्या बर्गनच्या याच छोट्या सभागृहात तिच्या सात गाण्यांच्या मालिकेचा पहिला प्रयोग होता, आणि आज दुपारच्या तालमीला तिने आपल्या जुन्या गुरूला मुद्दाम बोलावलं होतं.

"ही चाल माझी आहे," ओडवार म्हणाले.

या मंडळींना चारचौघांत भांडायची सवय नव्हती. चेलोवाल्याने उगाचच गजाला राळ लावायला घेतली.

चोरी परक्याने केली असती तर वकिलाला कळवून ओडवारनी विषय संपवला असता. पण ही तिरिल! सहा वर्षं त्यांच्या घरी येऊन शिकलेली, त्यांची बायको गेली तेव्हा न सांगता स्वयंपाकघराचा ताबा घेणारी. तिच्याशिवाय ती वही त्यांनी कुणालाही दाखवली नव्हती. अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सेतेस्दालच्या डोंगरावर राहून त्यांनी ती भरली होती. वहीतल्या तीन चालींनी त्यांना देशभर नाव मिळवून दिलं. बाकीच्या चार त्यांनी म्हातारपणासाठी राखून ठेवल्या होत्या, आणि ही त्यांतलीच एक होती.

काल तिरिलने पाठवलेली स्वरलिपी वाचतानाच त्यांनी चाल ओळखली होती. तरी कानाने ऐकेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवून, वही पिशवीत घालून ते आले होते.

आता ती वही त्यांनी तिच्यासमोर उघडली. "बघ. सूर न् सूर तोच."

तिरिलने वाकून पाहिलं. "हो. तीच चाल आहे."

"आणि शब्द अर्ध्यात तोडून घेतलेला हा थांबा?" त्यांच्या गाजलेल्या गाण्यांतल्या तशाच थांब्यावर समीक्षकांनी रकानेच्या रकाने भरले होते. विद्यार्थी त्याला 'ओडवारचा श्वास' म्हणत. "हाही उचललास?"

"हो, तोही."

"काही लाज?"

मारित मध्ये पडली. "ओडवार, आधी बसा बघू. वाफल आणलेत, तपकिरी चीज पण आहे. दोन घास पोटात गेले की…"

"चोरीच्या घरचं मी खात नाही!"

"वाफल मी भाजलेत," मारित पुटपुटली. "ते तरी माझेच आहेत."

चेलोवाला हसला आणि लगेच खोकला. ओडवारनी तिकडे लक्ष दिलं नाही. "उद्या प्रयोगाआधी तू मंचावर उभी राहून सांगायचंस, ही चाल कुणाची आहे ते. सगळ्यांसमोर. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"सांगणारच आहे मी," तिरिल म्हणाली. "त्याआधी तुमच्याशी बोलायचं होतं. म्हणून तर आज बोलावलं."

ओडवार थोडे निवले. म्हणजे पोरीला पश्चात्ताप झाला होता तर. राग उतरला तसं खालचं दुःख वर आलं.

"मग आधीच का नाही विचारलंस गं? मी नाही म्हटलं असतं? तुला मी मुलगी मानलं, तिरिल. विश्वासघात फार मोठा शब्द आहे. पण मला दुसरा सापडत नाही."

"मलाही नाही सापडला," ती म्हणाली. "वर्षभर शोधतेय."

तिने बॅगेतून एक जुना टेपरेकॉर्डर काढून पियानोवर ठेवला.

"गेल्या वर्षी आजीचं घर आवरताना हा सापडला, आतल्या कॅसेटसकट. माझ्या बाबांनी अठ्ठ्याऐंशी साली हा नवाच घेतला होता. दिसेल ते टेप करत सुटायचे, शेळ्यासुद्धा."

"कुठलं घर?" ओडवारनी विचारलं. त्यांचा हात नकळत वहीवर गेला.

"सेतेस्दालचं," म्हणत तिरिलने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आणि घंटांची किणकिण ऐकू आली. मग एक म्हातारी बाई गाऊ लागली. आवाज पातळ, पण सुराला पक्का. मारितच्या तोंडून 'अगं बाई' निघून गेलं, कारण ते चौथं गाणंच होतं. अर्ध्या शब्दावर बाई थांबली. "हो बाजूला, भवाने! पाहुण्यांची वही खाशील!" शेळी ओरडली, आणि बाईने तोडलेला शब्द पुरा केला.

ओडवार खाली बसले. "डोंगरातली जुनी गाणी तर सगळेच घेतात…" ते म्हणू लागले.

"पुढे ऐका," तिरिल म्हणाली.

"जुनी नाहीत हो ही," टेपमधली बाई सांगत होती. "माझी मीच रचलीत, सातही. तुम्ही कुठे छापलीत तर…"

त्यावर एक तरुण, अगदी मनापासून बोलणारा आवाज आला. "हा ओडवार शब्द देतोय, गुनवोर. पहिल्या पानावर तुमचं नाव असेल, माझ्या नावाच्याही वर."